रियाजाची वही

मराठींत गवयांचीं व वादकांचीं चरित्रें, आत्मचरित्रें आणि आठवणी आतां इतक्या झाल्या आहेत, कीं त्यांच्यासाठीं ग्रंथालयांत एक वेगळें कपाट मांडावें. गोविंदराव टेंबे यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ १९३९ सालीं निघाला. त्यांचाच ‘माझा जीवनविहार’ १९४८ सालीं आला. पुढें केशवराव भोळे यांचें ‘माझें संगीत’, बी. आर. देवधर यांचें ‘थोर संगीतकार’ अशीं एकाहून एक वाचनीय पुस्तकें आलीं. या पुस्तकांनीं मराठी गद्याला एक निराळी चव दिली, यांत शंका नाहीं. मैफलीचा रंग, तंबोऱ्यांची जुळणी, श्रोत्यांतील बड्या असामींचे रुसवेफुगवे, घराण्याघराण्यांतील चढाओढ हें सारें आपण अशा वाङ्मयांत आवडीनें वाचतों. परंतु या सगळ्या कपाटांत एक जागा बरीचशी रिकामी आहे, आणि ती रिकामी आहे हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मैफल नसेल त्या दिवशीं हा कलावंत काय करीत होता? पहांटे उठून तंबोरा जुळविल्यावर पहिल्या अर्ध्या तासांत त्याच्या गळ्यांतून काय निघालें, काय निघालें नाहीं, जें निघालें नाहीं तें कशामुळें अडलें असें त्याला वाटलें, आणि दुसऱ्या दिवशीं त्यानें त्यावर कोणता उपाय केला? या प्रश्नांना आमच्या चरित्रकारांचें उत्तर बहुधा एकच असतें, आणि तें आंकड्यांत असतें: बुवांनीं बारा वर्षें रोज सोळा तास मेहनत केली.

सोळा तास! हा आंकडा वाचला, कीं आम्हांस प्रथम वजाबाकी करण्याचा मोह होतो. झोंप, स्नान, भोजन, गुरुगृहींचें पाणी भरणें आणि बाजारहाट हें सर्व वजा जातां दिवसाचे सोळा तास उरावेत कसे? पण वजाबाकीचा मुद्दा गौण आहे. खरी अडचण ही, कीं तासांची संख्या श्रमाची लांबी सांगते, त्याचा आकार सांगत नाहीं. सोळा तास एकच चूक घोटणारा मनुष्य त्या चुकींतच पारंगत होतो. आणि ‘बारा वर्षें’ हा आंकडा तर संगीतांतून आलेलाच नाहीं. तो पुराणांतून आला आहे. बारा वर्षांचें एक तप, या हिशेबानें आमच्या चरित्रकारांनीं गवयाला ऋषीच्या आसनावर नेऊन बसविलें, आणि तप करतांना ऋषि रोज सकाळीं कोठें चुकतो हें विचारण्याची रीत आपल्याकडे नाहीं. वाचणारा विद्यार्थी असेल, तर तो हात तरी जोडतो, नाहींतर हाय तरी खातो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कामास येईल असें कांहीं त्याच्या हातीं पडत नाहीं. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान याला पियानोवादक व्हावयाचें होतें. ऐन विशींत त्याच्या उजव्या हाताचें बोट निकामी झालें आणि तो संकल्प सोडून त्याला रचनेकडे वळावें लागलें. अतिरेकी सराव आणि बोट ताणण्याचें एक साधन यांवर त्याचा दोष घातला जातो. आमच्याकडे अशीं बोटें आणि असे गळे कमी झाले असतील असें वाटत नाहीं. त्यांचीं चरित्रें झालीं नाहींत, इतकेंच.

या मौनास कारणें आहेत. रियाज ही घराण्याची खासगी मालमत्ता होती. ती दार लावून करावयाची गोष्ट. शिवाय मैफलीला कथानक असतें, चुकीला तें नसतें. एकाच षड्जावर घालविलेल्या सकाळीचें वर्णन करणें हें कोणत्याहि लेखकाच्या कौशल्याची परीक्षा पाहणारें काम आहे. म्हणूनच जेथें अपवाद आढळतो तेथें तो मनाला लागतो. अल्लादियाखाँसाहेबांनीं उतारवयांत आपल्या आठवणी नातवाला, अझीझुद्दीनखाँना, सांगितल्या. आमलेटा येथें अतिगायनानें त्यांचा आवाज गेला, आणि पुढें जो आवाज परत आला तो पूर्वींचा नव्हता. त्या नव्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनीं पुन्हां बांधली. आज जिला आपण जयपूर-अत्रौली म्हणून डोक्यावर घेतों, तिच्या मुळाशीं हा मोडलेला गळा आहे. ठरविलेलें साध्य हातचें गेल्यावर मनुष्यानें काय करावें, याचा असा जबाब आमच्या संगीतवाङ्मयांत विरळा.

हा विषय आज काढण्यास एक निमित्त घडलें. जालना जिल्ह्यांतील एका लहान गांवाहून आमच्या महाविद्यालयांत आलेली एक विद्यार्थिनी पेटी शिकते. वर्षारंभीं साध्य ठरवावें, रोजचा रियाज लिहून काढावा, महिनाअखेर प्रगति पाहावी असा उपदेश हल्लीं विद्यार्थ्यांना सगळीकडून होतो. तो तिनें मनावर घेतला आणि वर्षभर एक वही लिहिली. या वहीवरून तिला एका निबंधस्पर्धेसाठीं लेख करावयाचा होता, म्हणून निबंध आणि वही असें दोन्ही तिनें भाषा तपासण्यासाठीं आमच्यापुढें ठेविलें. ‘‘सर, शुद्धलेखन तेवढें पाहा,’’ एवढीच तिची अपेक्षा होती. तिच्या अनुमतीनें, आणि तिचें व तिच्या गांवाचें नांव न घेतां, त्या वहीचें परीक्षण येथें करीत आहों. अप्रसिद्ध वहीचें परीक्षण मासिकांत करणें हा रिवाज नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु मोठमोठ्या आत्मचरित्रांनीं जी जागा रिकामी सोडली, ती भरण्याचा प्रयत्न या वहींत झाला आहे; तेव्हां प्रयत्न कसा झाला हें पाहण्यास हरकत नसावी.

पहिल्या पानावर संकल्प आहेत. प्रवेशिका पूर्ण ही परीक्षा प्रथम श्रेणींत उत्तीर्ण व्हावयाची. दहा थाटांचे अलंकार दुगुणींत आणि चौगुणींत बसवावयाचे. रोज दोन तासांत खंड पडूं द्यावयाचा नाहीं. पुढील पानांवर चार स्तंभ आंखले आहेत: तारीख, वेळ, राग, शेरा. पहिले तीन स्तंभ तिनें अतिशय प्रामाणिकपणें भरले आहेत. एके दिवशीं एस्टी चुकल्यामुळें पाऊणच तास मिळाला, तर पाऊणच लिहिला आहे. चौथ्या स्तंभांत मात्र वर्षभर तीनच शेरे आलटून पालटून येतात: ‘चांगलें झालें’, ‘बरें झालें’, ‘ठीक’.

‘झालें’ या क्रियापदापाशीं आम्ही बराच वेळ थांबलों. मराठी भाषेची संगीतासंबंधीं एक मोठी मौजेची संवय आहे. आपण सूर ‘लावतों’ खरे, पण अधिक करून सूर ‘लागतो’. गळा ‘तापतो’, हात ‘बसतो’, तान ‘निघते’, गाणें ‘रंगतें’, बैठक ‘जमते’. जणू हीं सगळीं कामें आपआपलीं घडतात, आणि गाणारा आपला बाजूस उभा राहून पाहतो. या संवयींत एक शहाणपण आहे. सूर ही ओढून आणण्याची वस्तु नव्हे, ती येण्याची वाट पाहावी लागते, हें आमच्या भाषेला ठाऊक आहे. आणि मोठ्या कलावंताच्या तोंडीं ‘आज सूर लागला’ हें वाक्य विनयाचें असतें. पण विद्यार्थ्याच्या वहींत तेंच क्रियापद पळवाट होतें. ‘चांगलें झालें’ या वाक्यांत कर्ता नाहीं, कर्म नाहीं, स्थळ नाहीं. काय चांगलें झालें? कोणाच्या मानानें चांगलें? भूपांतला गंधार, कीं भात्याचा हात? कालच्यापेक्षां चांगलें, कीं शेजारच्या मुलीपेक्षां? असल्या शेऱ्यांनीं भरलेली वही वर्षाअखेर वाचून प्रगति किती झाली हें पाहूं गेलें, तर तीनशें दिवस सारें कांहीं ठीक होतें एवढेंच समजेल. आणि मग प्रगति मोजण्यास तासच उरतात. सोळा तासांच्या त्याच दंतकथेची ही दोन तासांची गरीब आवृत्ति होय.

अशीं कितीएक पानें उलटल्यावर कार्तिकांतल्या एका पहांटेची नोंद येते. त्या दिवशीं ती गांवीं गेलेली दिसते. वेळेचा आणि रागाचा स्तंभ कोरा आहे. शेऱ्यांत लिहिलें आहे: ‘काकड्याला पेटी धरली. आजोबा पंचमावर थांबले. मी थांबलें नाहीं.’

आमच्या मतें या वहींतलें सर्वांत चांगलें लेखन हें आहे. तीन वाक्यें, आणि तिहींना कर्ता आहे. वर्षभरांत प्रथमच ‘मी’ आली. प्रथमच दुसरें माणूसहि आलें, आणि चूक कोणत्या स्वरावर, कोणत्या प्रसंगीं, कशी झाली हें एखाद्या वैद्याच्या टिपणाइतकें नेमकें आलें. विशेषणाचा एकहि शब्द खर्च न करतां शरम आली, तीहि पुरेशी आली. पुढच्या सोमवारपासून ‘चांगलें झालें’ पुन्हां सुरू होतें. आणि निबंधांत पाहावें, तर तिनें संकल्प, तास, परीक्षेचे गुण हें सगळें घेतलें होतें. ही ओळ मात्र गाळली होती. कां गाळली असें विचारतां उत्तर मिळालें, ‘‘तो रियाज नव्हता ना, सर. तें नुसतें भजन होतें.’’

येथें मतभेदाचा खरा मुद्दा आहे, आणि तो नीट समजण्यास पेटी हें वाद्य काय आहे तें पाहिलें पाहिजे. युरोपांतून आलेलें हें वाद्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हातभात्याचें झालें आणि मांडीजवळ येऊन बसलें. त्याच्या सप्तकांत बारा पट्ट्या. पट्टी दाबली, कीं सूर बोलतो. सोडली, कीं थांबतो. दोन पट्ट्यांच्या मधें जें आहे, आणि आमच्या संगीताचा प्राण पुष्कळसा तेथेंच आहे, तें या वाद्याला ठाऊक नाहीं. दरबारीचा आंदोलित गंधार किंवा भैरवाचा रिषभ पट्टींत सांपडत नाहीं. मींड तर मुळींच नाहीं. याच कारणानें १९४० सालीं आकाशवाणीनें पेटीला आपल्या कार्यक्रमांतून हद्दपार केलें. लायोनेल फील्डन हे त्या वेळीं तिचे प्रमुख होते, आणि रवींद्रनाथांसारख्या कवीचा कौलहि पेटीच्या विरुद्धच होता. ही बंदी अंशतः उठली ती १९७१ सालीं. तब्बल एकतीस वर्षें सरकारी कानानें हें वाद्य अभारतीय ठरविलें होतें. आक्षेप खोटा होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. तो अर्धा खरा होता, आणि म्हणूनच त्याचें उत्तर निबंधांनीं देतां येण्यासारखें नव्हतें.

तें बोटांनीं दिलें गेलें, आणि ज्यांनीं दिलें त्यांतले एक अग्रणी याच जिल्ह्याचे. आप्पासाहेब जळगांवकर यांना नांवावरून पुष्कळ लोक खानदेशचे समजतात. त्यांचें जळगांव तें नव्हे. जालन्याजवळचें तें एक लहान खेडें. तेथें १९२२ सालीं ते जन्मले. त्या वेळीं हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. जालना हा स्वतंत्र जिल्हा तर पुढें १ मे १९८१ रोजीं झाला. पुण्यामुंबईच्या संगीतशाळा, जलसे, नाटकमंडळ्या यांच्या वाटेपासून हा प्रदेश दूर. आप्पासाहेबांचें आरंभींचें शिक्षण गळ्याचें, धृपद-धमाराचें. पेटी ते बहुतांशीं स्वतःच्या बळावर शिकले. पुढें भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर यांच्यासारख्या गायकांना त्यांनीं साथ केली, २००० सालीं संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला, २००९ सालीं ते गेले. चरित्रकार याच्या मागें सोळा तास लावून मोकळा होईल. आम्हांस त्यांतला ‘स्वतःच्या बळावर’ हा शब्दप्रयोग अधिक विचार करण्यासारखा वाटतो. ज्याला पेटीचा गुरु नाहीं, तो आपली प्रगति कशानें मोजतो? पेटीनें मोजतां येत नाहीं. पट्टी दाबली कीं सूर बरोबरच येतो, तें वाद्य विद्यार्थ्याला कधींहि खोटें पाडीत नाहीं. सतारीचा हात चुकला तर सूर ओरडून सांगतो. पेटी सांगत नाहीं. मोजण्याचें माप वाद्याच्या बाहेरच शोधावें लागतें, आणि धृपदानें कान तयार झालेल्या या मुलाजवळ तें होतें. तें माप म्हणजे माणसाचा गळा.

गोविंदराव टेंबे यांच्याविषयींहि हेंच म्हणतां येईल. त्यांच्या पेटीवर भास्करबुवा बखले यांच्या गायकीचा संस्कार होता, आणि ‘माझा संगीत व्यासंग’ हें पुस्तक मुळांत एका ऐकणाऱ्याचें पुस्तक आहे. वाजविणारा गोविंदराव हा त्या ऐकणाऱ्या गोविंदरावाच्या पोटीं जन्मला. गळ्याच्या मापानें पेटी वाजवूं गेलें, कीं साध्य असें ठरतें, जें त्या वाद्याला कधींच पुरतें गांठतां येणार नाहीं. मींड नाहीं, तर मींडेचा भास तरी निर्माण करावयाचा: मागची पट्टी पुरती सुटण्यापूर्वीं पुढची दाबावी, कणस्वराचा ओझरता स्पर्श करावा, भात्याचा दाब कमी करून सुराची कड बोथट करावी, आणि कित्येकदां गायकाचा स्वर ज्या जागेंतून जात असेल तेथें बोट उचलून चक्क गप्प बसावें. या शेवटच्या गोष्टीला अलंकारांच्या पाठांत स्थान नाहीं. साथ म्हणजे गायकाच्या पाठोपाठ, सावलीच्या अंतरानें चालणें; तो श्वास घेईल तेवढी फट भरणें; आणि तो पंचमावर थांबला, कीं आपणहि थांबणें. काकड्याच्या पहांटे या मुलीला जें कळलें, तें पेटीवादनांतलें अर्धें शास्त्र आहे. तिनें त्याला ‘नुसतें भजन’ म्हणून वहीच्या हिशेबाबाहेर टाकलें.

आप्पासाहेबांच्या वादनांतली आणखी एक गोष्ट या संदर्भांत सांगण्यासारखी आहे. थोर तबलजींच्या एकलवादनाला ते लेहरा धरीत. लेहरा म्हणजे तालाच्या एका आवर्तनांत बसणारी चार-दोन स्वरवाक्यांची धून. तबलजी कायदे, रेले, गती, चक्रदार वाजवीत वाटेल तेथें जावो, पेटीवाल्यानें तीच धून, त्याच लयींत, अर्धाअर्धा तास फिरवीत राहावयाची. श्रोता तिकडे लक्षहि देत नाहीं. तबलजीला मात्र समेची वाट तिच्यावरूनच दिसते. येथें प्रगति कशाला म्हणावी? शेवटचें आवर्तन पहिल्यासारखें निघालें, हीच प्रगति. आमच्या विद्यार्थिनीच्या वहींत असल्या प्रगतीला स्तंभच नाहीं, कारण तिचे सगळे संकल्प वाढत्या भांजणीचे आहेत: अधिक राग, अधिक लय, अधिक गुण.

हें वाचतांना आम्हांस याच जिल्ह्यांतला दुसरा एक शिक्षक आठवला. घनसावंगी तालुक्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मग्राम. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास अक्षर कसें काढावें यावर आहे, आणि अध्यात्म शोधणारे वाचक तो बहुधा भरभर उलटून पुढें जातात. त्यांत ध्येयाची भाषा नाहीं. अक्षर वाटोळें असावें, सरळ असावें, शाई काळीभोर असावी, ओळी सारख्या चालाव्या, असें एकेक बारीक कलम आहे. आणि पहिलें अक्षर जसें काढलें, तसेंच ग्रंथ संपेपर्यंत चालावें, सगळें एकाच लेखणीनें लिहिल्यासारखें दिसावें, अशी अपेक्षा आहे. रोज अमुक पानें लिहा असें तेथें सांगितलेलें नाहीं. लिहिणाऱ्याला आपलें आपण ताडून पाहतां यावें असें एक माप मात्र हातीं दिलें आहे: शेवटचें पान पहिल्या पानाशेजारीं धरावें. तासांचा हिशेब न ठेवतांहि अभ्यास मोजतां येतो, हें याहून थोडक्यांत कोणीं सांगितल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. लेहरा धरणाऱ्याला तर हा समास पाठच असावा.

आतां परीक्षांविषयीं. संगीताच्या परीक्षांची टवाळी करणें ही आमच्या रसिक मंडळींची जुनी करमणूक आहे. तींत सामील होण्याची आमची इच्छा नाहीं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें आणि १९३१ सालीं त्यांच्या शिष्यांनीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलें, तेव्हांपासून प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्यांवरून जितकीं मुलें, आणि विशेषतः जितक्या मुली, संगीतापर्यंत पोंचल्या, तितक्या कोणत्याहि घराण्याच्या उंबऱ्यावरून पोंचल्या नसत्या. जालन्याच्या एका खेड्यांतील शेतकऱ्याच्या नातीला उस्तादाच्या घरीं कोणीं उभें केलें असतें? प्रवेशिकेच्या अर्जानें तिला उभें केलें. परंतु परीक्षेचा स्वभाव असा, कीं मोजतां येईल तेवढेंच ती मागते. इतके राग, इतके ताल, इतकीं लक्षणगीतें. दुगुण करून दाखवा, स्वर ओळखा, व्याख्या सांगा. यांतलें कांहीं निरुपयोगी नाहीं. थांबतां येतें का, हें मात्र परीक्षकाला पंधरा मिनिटांत विचारतां येत नाहीं. तो समोर बसून गाईल तरच येईल. म्हणून परीक्षा हें मुक्कामाचें ठिकाण ठीक आहे. वहीचे स्तंभ परीक्षेनें आंखून द्यावे, हें ठीक नाहीं. अलीकडच्या विद्यार्थ्याच्या मनांत नेम आणि ध्येय यांची जी सरमिसळ झाली आहे, ती येथूनच. रोज दोन तास हा नेम आहे. तो पाळला कीं पुरा होतो, त्याची खूण करावी आणि विसरून जावें. गळ्यासारखी पेटी वाजावी हें ध्येय. तें पुरें होत नाहीं, आणि त्याच्यासमोर बरोबरची खूण करण्याचा दिवस येत नाहीं. दोहोंना एकाच यादींत एक आणि दोन असे क्रमांक दिले, कीं पहिलें दुसऱ्याला खातें.

मग वही लिहूं नये काय? लिहावी, फक्त ती कशाची असावी एवढाच प्रश्न आहे. बेंजामिन फ्रँकलिन यानें आपल्या आत्मचरित्रांत अशाच एका वहीची हकीकत दिली आहे. तेरा सद्गुण त्यानें निवडले, एकेका गुणास वहीचें एकेक पान दिलें, प्रत्येक पानावर सात वारांचे सात उभे स्तंभ आणि तेरा आडव्या ओळी तांबड्या शाईनें आंखल्या. एक आठवडा एका गुणाकडे विशेष लक्ष द्यावयाचें. तेरा आठवड्यांत एक फेरा, वर्षांत चार. मुद्रकाचा हा हिशेबी स्वभाव पुष्कळांना हास्यास्पद वाटला आहे, आणि नीति हा खतावणीचा विषय नव्हे हें आम्हांसहि मान्य आहे. पण एक गोष्ट टीकाकारांच्या नजरेंतून सुटते. त्या वहींत फ्रँकलिननें सद्गुणांची नोंद कधींच केली नाहीं. चुकला, तेथें काळा ठिपका; न चुकला, तेथें कोरी जागा. आपण समजत होतों त्याहून दोष किती तरी अधिक निघाले, असें तो लिहितो, आणि ते कमी होतांना पाहून समाधान वाटलें, असेंहि लिहितो. व्यवस्थितपणा हा गुण तर त्याला अखेरपर्यंत साधला नाहीं, हेंहि त्यानें लपविलेलें नाहीं. सोळा तासांच्या चरित्रांत न मिळणारी गोष्ट ती हीच.

रियाजांतला दोष हा नीतीचा दोष नव्हे, त्याची शरम वाटण्याचें कारण नाहीं. तो केवळ कानाला लागलेला शोध असतो. काल जी चूक ऐकूं येत नव्हती ती आज ऐकूं आली, तर हात कालचाच असला तरी कान पुढें गेला. या अर्थानें वहींतल्या चुका वाढणें हेंच कित्येकदां प्रगतीचें पहिलें लक्षण असतें, आणि ‘आज कांहींच जमलें नाहीं’ असें वाटण्याचा जो काळ प्रत्येक विद्यार्थ्याला येतो, तो बहुधा कान हाताच्या पुढें निघून गेल्याचा काळ होय. अशा वेळीं पुष्कळ मुलें शिकणें सोडतात. तास मोजणारी वही त्यांना अडवूं शकत नाहीं, कारण तिच्या हिशेबीं सगळें ठीकच चाललेलें असतें. पुण्यामुंबईच्या मुलाला अडविण्यास गुरु जवळ असतो. आठवड्यांतून एकदां एस्टीनें शिकवणीस जाणाऱ्या मुलीला बाकीचे सहा दिवस वहीच गुरु असते, म्हणून ही वही खरें बोलणारी हवी.

आजच्या विद्यार्थ्याजवळ यासाठीं एक साधन आहे, जें टेंब्यांजवळ किंवा तरुण आप्पासाहेबांजवळ नव्हतें. मोबाइलवर स्वतःचें वादन मुद्रित करतां येतें. त्याचा उपयोग आज बहुतेक जण दुसऱ्याला पाठविण्यासाठीं करितात, आणि पाठविण्यासाठीं काढलेलें मुद्रण हें एक प्रकारें ‘चांगलें झालें’चेंच ध्वनिरूप असतें, तें दहा वेळां काढून उत्तम तेवढें ठेवलेलें असतें. त्यापेक्षां काकड्याचें मुद्रण करावें, आठवडाभर ऐकूं नये, आणि मग आजोबांचा गळा आणि आपली पेटी या दोहोंतल्या अंतराकडे कान देऊन ऐकावें. वाजवितांना बोटांत गुंतलेला कान तेव्हां मोकळा असतो. जें ऐकूं येईल तें शेऱ्यांत लिहावें, आणि वाक्याला कर्ता असावा. मराठीच्या मास्तराला संगीताच्या वहींत यापलीकडे सांगतां येण्यासारखें नाहीं.

निबंध तिनें पुन्हां लिहिला नाहीं. तोंवर स्पर्धेची मुदत टळून गेली होती. नव्या वर्षाच्या वहींत तिनें शेऱ्याचा स्तंभ रुंद आणि वेळेचा अरुंद आंखला आहे. प्रवेशिका पूर्णचा अर्जहि भरला आहे. मध्यंतरीं एक निराळीच अडचण उभी राहिली. आजोबांचा आवाज यंदा खालीं आला. काळी तीनमध्यें त्यांना वरचा षड्ज झेपेना, म्हणून भजनी मंडळानें पांढरी चार धरली. गाणाऱ्याला हा अर्ध्या सुराचा फरक. पेटीवर मात्र सगळीं बोटें बदलतात, काळ्या पट्ट्यांवर बसलेला हात पांढऱ्यांवर उतरवावा लागतो. कार्तिकाच्या आंत तिला सारे अलंकार आणि सारे अभंग या पट्टींत नव्यानें बसवावयाचे आहेत. पहिल्या पानावरच्या संकल्पांत हें कोठेंच नव्हतें. तें तिनें मागाहून, वेगळ्या शाईनें, सर्वांच्या वर लिहिलें आहे.